मारलेलं अन्न

शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारची पंगत उठली की मुकादम दारातूनच ओरडायचा, "चला, मारा आता!"

नव्या माणसाला वाटावं, कुठे उंदीर निघाला की काय. पण तिथे मारायचं असायचं ते अन्न. उरलेला भात, भाजी, पोरांनी कुरतडून टाकलेले पाव, न सोलताच परत आलेली अंडी, सगळं दोन मोठ्या पिंपांत लोटायचं आणि वरून फिनेल ओतायचं. मग त्याला कुत्रंही शिवत नसे. पिंपं मागच्या अंगणात भिंतीला लावून ठेवायची, संध्याकाळी कचऱ्याची गाडी ती रिकामी करून नेई. भांडी घासावीत, ओटा पुसावा, तसंच रोज अन्न मारावं. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. निदान कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

मारायचं काम वाढपी आजीकडे होतं. ती शाळेत पानं वाढायची, म्हणून लहानथोर सगळे तिला वाढपी आजीच म्हणत. ह्या नियमाचं कारण मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला एकदा शांतपणे समजावून सांगितलं होतं. उरलंसुरलं खाऊन एखादं मूल आजारी पडलं तर जबाबदारी कोणाची? जेवण पुरवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं वेगळं होतं. मागच्या दाराने फुकट मिळतंय म्हटल्यावर पुढच्या दाराने पैसे कोण भरेल?

ज्यांच्या घरून जेवणाचे पैसे येत, त्यांच्या सदऱ्यावर निळा बिल्ला असे. बाकीची बिनबिल्ल्याची. त्यांनी घरून डबा आणायचा आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून खायचा. डबे यायचे खरे, पण त्यांतले कितीतरी रिकामेच असायचे. पोरं ते मांडीवर घेऊन बसायची, झाकण जरासं उचलून आत डोकावायची आणि "सकाळीच खूप झालं गं" असं एकमेकांना मोठ्या माणसांसारखं सांगायची.

त्यांतच आजीची नात होती. एका जागी पाय ठरत नसे म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं. तिची आई धुलाईच्या कारखान्यात होती. काम असलं तर बोलावणं यायचं, नाहीतर घरी बसायचं. अशा घरात बिल्ला कुठून येणार?

आजीने चोरी करायची ठरवली, ती या पोरांकडे बघून. तिला ती चोरीच वाटत होती. दोन पिंपांपैकी ती एकातच फिनेल ओतायची, चांगलं भरपूर, म्हणजे वास अंगणभर पसरेल. मुकादम दारातून नाक फेंदारून खात्री करून घ्यायचा आणि निघून जायचा. दुसरं पिंप तसंच राहायचं. तिने भिंगरीला पक्कं बजावलं होतं, "आधी नाक घालायचं आत. नाकाला झोंबलं तर हात लावायचा नाही. नाही झोंबलं, तर खा."

भिंगरीने ही गोष्ट पोटात ठेवली असेल, तर ती भिंगरी कसली? हळूहळू चारसहा पोरं दुपारच्या छोट्या सुट्टीत पिंपांपाशी जमू लागली. वास घ्यायचा मान भिंगरीचा. पहिला घासही तिचाच. ती मान हलवी आणि मग बाकीच्यांचे हात आत जात.

त्या दिवशी सकाळी सगळं नेहमीसारखं होतं. आचारी भाताचं पातेलं उतरवताना आजीला म्हणाला, "आजी, जरा हात आखडता घे. तू वाढतेस अशी की जणू सगळे तुझे जावईच बसलेत."

"जावई असते तर मीठ जास्त घातलं असतं," आजी म्हणाली. स्वयंपाकघर हसलं.

पंगत उठली तेव्हा मुकादम दारातून ओरडला नाही. तो आत आला. त्याच्या हातात पांढरा कॅन होता.

"हे घे. आजपासून फिनेल बंद."

आजीचा जीव भांड्यात पडला. "बंद? म्हणजे अन्न मारायचं नाही?"

"मारायचं नाही कसं? वरच्या वर्गाच्या पालकांनी तक्रार केलीय, पोरांना जेवल्यावर फिनेलच्या वासाने मळमळतं म्हणे. हे बिनवासाचं आहे. तुंबलेल्या मोरीत टाकतात ते. बघ, पाण्यासारखं दिसतं." तो खूश होता. एखादी अडचण चुटकीसरशी सोडवल्यावर माणूस होतो, तसा. "हातमोजे घाल हं, कातडी जाईल नाहीतर."

"पण साहेब, वास नाही आला तर कळणार कसं?"

"कोणाला कळायचंय?"

आजी हातमोजे चढवू लागली. पोरांना, असं म्हटलं की सगळंच बाहेर येणार होतं.

"ओत ना. दोन्हींत. मी आहे इथेच. आज वास येणार नाही, तेव्हा बघूनच जावं लागणार मला."

तिने ओतलं. आधी एका पिंपात, मग दुसऱ्यात. ओतताना थोडं पिंपाच्या काठावर सांडलं. भातातून बारीक सूंऽ असा आवाज आला आणि थांबला. भात होता तसाच पांढरा दिसत होता. चांगला, मोकळा, नुकता वाढून ठेवल्यासारखा.

मुकादमाने माणसं बोलावून पिंपं अंगणात नेली आणि परत येऊन म्हणाला, "आज कोठी आवरायची आहे. चल माझ्याबरोबर."

"एक मिनिट अंगणात जाऊन येते."

"कशाला?"

"झाकण नीट बसलंय का बघते."

"मी बसवलंय. आजी, तुझं आज काही खरं दिसत नाही हं. घामाने भिजलीयस नुसती."

ती कोठीत गेली. पोती सरकवू लागली. मनाची समजूत घालत राहिली. आज भिंगरीला भूक नसेल. पिंपाच्या काठावरचा ओलावा बघून पोरांना संशय येईल. मुकादम बाहेर उभा आहे म्हणून ती फिरकणारच नाहीत. पण मुकादम तर इथे होता, तिच्यासमोर, पोत्यावर बसून दात कोरत होता.

छोट्या सुट्टीची घंटा झाली.

आता एक शब्द बोलायचा, बास. साहेब, पोरं खातात त्यातलं. बोललं की काम गेलं. काम गेलं की घरात दोन बायका आणि एक पोर, तीन तोंडं, आणि चूल थंड. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर पोरांचा गलका वाढला, मग ओसरला. पुन्हा घंटा झाली.

"जा आता," मुकादम म्हणाला. "जा, तुला जायचं होतं ना?"

ती धावली. त्या वयाची बाई धावते तशी नाही, आग लागल्यावर माणूस धावतं तशी. अंगणात कोणी नव्हतं. पिंपाचं झाकण खाली पडलं होतं. भातात बोटांचे लहान लहान खड्डे होते. शेजारी थुंकलेल्या भाताची शितं आणि पावाचा एक चावलेला, परत टाकलेला तुकडा.

आजीने तोंडावर हात दाबून धरला. ओरडली असती तर तिथेच कोसळली असती.

भिंगरीच्या वर्गात गणिताचा तास चालू होता. आजी दार न वाजवताच आत शिरली. सगळी डोकी वळली. भिंगरीची जागा रिकामी होती.

"आजी, काय झालं?" वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"बाई, पिंपातलं खाल्लं का कोणी? बाळांनो, आज पिंपातलं कोणी खाल्लं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. पोरं आपापल्या वह्यांत बघत होती. पिंपाला हात लावणं म्हणजे चोरी, आणि चोरीबद्दल पालकांना बोलावून घेतात, हे त्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. एका मुलाने ओठ गच्च मिटले होते आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी, हे काय चाललंय? पिंपातलं कोण खाईल?" बाई म्हणाल्या.

"माझ्यामुळे खातात, बाई. मी सांगितलं त्यांना. मी रोज एक पिंप त्यांच्यासाठी सोडते." आता तिचा आवाज चांगला मोठा निघाला, वर्गाबाहेर ऐकू जाईल एवढा. "चोरी माझी आहे रे पोरांनो, तुमची नाही. तुम्हाला कोणी काही करणार नाही. आज त्यात विष आहे. हात वर करा, माझ्या राजांनो, लवकर करा."

ओठ मिटलेल्या मुलाचा हात आधी वर झाला. मग त्याच्या मागच्या मुलीचा. मग खिडकीजवळचा. आजीला वाटलं होतं चारसहा. हात वर होतच राहिले. पहिल्या बाकावरची, दोन वेण्या घातलेली, जिला आजीने त्या अंगणात कधी पाहिलं नव्हतं, तिचाही. आणि एक बिल्लेवालाही होता. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्या याच वर्गाला रोज विचारत, सगळे जेवलात ना? आणि वर्ग एका सुरात हो म्हणायचा.

"आज खाल्लं कोणी? गिळलं कोणी?"

"आम्ही थुंकलं," तो मुलगा रडत म्हणाला. "तोंडात घातलं आणि भाजलं. भिंगरीने आधी घेतलं ना, तिने गिळलं. मग ती ओरडली, टाका टाका, म्हणून आम्ही टाकलं."

"कुठाय ती?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"अरे बोला! कुठाय माझी पोर?"

"नळापाशी. तोंडात पाणी घेत बसलीय. ती म्हणाली कोणाला सांगू नका. सांगितलं तर आजीचं काम जाईल."

नळ चालूच होता. भिंगरी त्याच्याखाली तोंड धरून उकिडवी बसली होती, ओठ सुजलेले, हनुवटीवरून लाळ गळत होती. आजीला बघून तिने बोलायचा प्रयत्न केला आणि तिच्या घशातून नुसती घरघर आली. मागून आलेला मुकादम म्हणाला, "घशात बोटं घाल, ओकू दे तिला!" आजीने बोटं पुढे केलीही, पण वर्गाच्या बाईंनी तिचा हात घट्ट पकडला. "नको! जाताना भाजलंय, येतानाही भाजेल. गाडी काढा. सगळ्यांना घेऊन चला."

दवाखान्याच्या बाकावर पोरं ओळीने बसली होती, तोंडं उघडून. परिचारिका एकेकाच्या तोंडात दिवा टाकून बघत होती. बाकीच्यांना जिभेवर भाजण्यापलीकडे काही नव्हतं. भिंगरीला आत नेलं होतं आणि दार बंद होतं. आजी त्या दाराला पाठ लावून उभी होती. कोणी ते उघडून काही भलतंच सांगेल, या भीतीने तिला तिथून हलवत नव्हतं.

मोठ्या बाई आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या आजीला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ऐका माझं. आता डॉक्टर विचारतील. घरी मोरी साफ करायला आणलं होतं, असं सांगा. बाकीची पोरं तिच्याबरोबर खेळत होती, त्यांनी चाखलं. उपचार काय, तेच होणार आहेत."

"आणि खरं सांगितलं तर?"

"शाळेला टाळं लागेल. एवढी मुलं कुठे जातील? तुमचं काम मी सांभाळते. भिंगरीला उद्यापासून बिल्ला देते, माझ्या पदरचा. कायमचा. मी शब्द देते."

बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी बिल्ला दिला असता. आजीला निळा बिल्ला लावलेली भिंगरी डोळ्यांपुढे दिसली, पंगतीत बसलेली, समोर गरम भात. त्या एका क्षणात ती हो म्हणायच्या अगदी काठावर होती. मग तिला कोठीत आपण मिटून घेतलेलं तोंड आठवलं. तेव्हाही ती गप्प बसली होती, पोरीच्याच भल्यासाठी.

दार उघडलं. डॉक्टर तरुण होती, कपाळावर घाम होता. "जीव वाचेल. घसा भाजलाय, बरेच दिवस नळीने द्यावं लागेल. पण नेमकं काय पोटात गेलंय ते मला कळायला हवं. कुठे मिळालं हे तिला?"

मोठ्या बाईंनी आजीकडे पाहिलं.

"शाळेत," आजी म्हणाली. "भातात होतं. मी ओतलं होतं. मोरी साफ करायचं औषध. कॅन मुकादमाकडे आहे, आणून दाखवायला सांगा."

"भातात? चुकून पडलं?"

"चुकून नाही. आम्ही रोज ओततो. आधी फिनेल ओतायचो. उरलेलं अन्न कोणी खाऊ नये म्हणून."

डॉक्टरची मान हळूच वर आली. तिने आजीकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. "कोणी म्हणजे कोणी?"

"आजी, पुरे आता," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीतीच होती. दुपारभर आजीच्या अंगात जी होती तीच.

"पुरे कसं, बाई? मला काढून टाका, पोलिसांत द्या, माझं काही म्हणणं नाही. माझ्या हाताने झालंय ते. पण उद्या दुपारी भात उरणार आहे. रोज उरतो. आणि ही पोरं उद्याही रिकामा डबा घेऊन शेडमध्ये बसणार आहेत. जीभ भाजली म्हणून भूक लागायची थांबत नाही त्यांना." तिने बाकाकडे हात केला. पोरं तोंडं मिटून ऐकत होती. "उद्या त्या भाताचं काय करायचं, ते मला आत्ता सांगा. यांच्यासमोर सांगा."

मोठ्या बाई बाकाकडे वळल्या. भरल्या सभेत सहज भाषण करणाऱ्या त्या बाई आता ओळीने बसलेल्या त्या पोरांकडे एकेक करून बघत होत्या.

आजीने घाई केली नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि उत्तर मिळाल्याशिवाय बाजूला होणार नव्हती.