दमला असाल तुम्ही

"पण बाई, इंग्रजीत नुसतं 'यू' आहे. तू काय नि तुम्ही काय, त्यांना सगळं सारखंच," पहिल्या बाकावरचा वकील म्हणाला. तो भिंतीशीसुद्धा वाद घालायचा, म्हणून वर्गानं त्याला हे नाव ठेवलेलं.

"त्यांना असेल, तुला आहे का? प्राचार्यांना एकदा तू म्हणून बघ बरं."

वर्ग हसला. बाईंना हसायचं त्राण नव्हतं. जेवणानंतरचा तास, पोरं पेंगुळलेली, आणि बाईंचे पाय सकाळपासून भरून आलेले. तरी हा प्रश्न त्या दरवर्षी विचारायच्याच. कादंबरी जुनी, जाडजूड आणि पोरांच्या मते महाकंटाळवाणी. समुद्राकाठच्या घरातला एक तुसडा कप्तान, त्याच्या आईला पुस्तकं वाचून दाखवायला ठेवलेली एक मुलगी. दोघं भांड भांड भांडतात आणि शेवटी लग्न करतात. एवढं गाइडमध्ये असतं, मग पुस्तकाला कोण कशाला हात लावतोय? म्हणून बाईंनी ही शक्कल लढवली होती. संवाद मराठीत म्हणायचे. म्हणायला गेलं की गाडी 'यू'पाशी अडते, आणि ती त्याला 'तू' कधी म्हणायला लागली हे शोधायला झक मारत पानं उलटावी लागतात.

"आमची आई बाबांना अहोच म्हणते. मग प्रेम नाही का?" खिडकीजवळून कुणीतरी विचारलं.

"असेल की. तिलाच विचार."

बाई स्वतः नवऱ्याला लग्नाआधीपासून 'अरे' म्हणायच्या. त्यावरून सासूबाईंनी किती दिवस अबोला धरला होता. शेवटी नवराच आईला म्हणाला, "ती मला तू म्हणते, म्हणून तर मी तिच्याशी लग्न केलं."

हल्ली तो नवराच एकेक गोष्ट विसरत चालला होता. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग सख्खा भाऊ. मधल्या सुट्टीत लेकीचा फोन आला होता. "आई, बाबांसाठी मी त्या सेवाकेंद्रात बोलून ठेवलंय. तुझ्याच्यानं आता होत नाही गं."

"मला ओळखतो ना तो? ओळखतोय तोवर घरातच राहील."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर तू म्हणशील तसं," बाई म्हणाल्या होत्या. बोलून गेल्या आणि तेव्हापासून जीव टांगणीला लागला होता.

"ती परत येते तिथं, बाई," वकील पान उघडून सांगत होता. "पावसात चालत येते, कप्तान दार उघडतो आणि म्हणतो, यू मस्ट बी टायर्ड. म्हणजे, दमली असशील तू. इथं दोघं तू-वर आले."

दरवर्षी पोरं याच पानावर यायची. बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुखदुर्बळ पोर उभी राहिली. वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"मला नाही तसं वाटत. तू तर तो तिला पहिल्यापासून म्हणत असणार. घरातली नोकर ना ती." तिनं पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं तो पहिल्यांदा म्हणेल, दमला असाल तुम्ही."

"हट्. ते तर परक्यासारखं झालं," वकील म्हणाला.

"होऊ दे की. परक्या माणसाला आपण नीट बघतो तरी."

इतकी वर्षं हे कुणी म्हटलं नव्हतं. बाईंना आनंद झाला, पण तोही बिचारा दमलेलाच. "बस. छान बोललीस," एवढंच त्या म्हणाल्या, आणि घंटा झाली.

घरी पोचल्या तेव्हा दिवसभर नवऱ्याला सांभाळणाऱ्या मावशी चपला घालतच होत्या. "जेवले नीट. पण आज जरा वेगळंच चाललंय," म्हणाल्या आणि गेल्या.

नवरा खिडकीशी खुर्चीत बसला होता. बाईंना बघून तो उठला. "या ना, बसा. दमलेल्या दिसताय तुम्ही."

बाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"बायको कॉलेजात शिकवते माझी. येईलच आता," तो म्हणाला. "जरा तोंडाळ आहे, पण मनाची चांगली आहे."

बाईंना रडावंसं वाटत होतं, तर रडूही येईना. वर्गातल्या त्या पोरीचं ठीक आहे, पोरी पुस्तकातलं बोलतात, असं त्यांच्या मनात आलं. पण तो खरंच त्यांच्याकडे नीट बघत होता. असं त्यानं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. लेक.

"काय गं, ओळखलं का बाबांनी?"

"अगं, माझीच वाट बघत बसलाय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"उशीर झाला वाटतं तिला आज," तो दाराकडे बघत म्हणाला.

"येईल हो. तोवर मी थांबते तु... तुमच्याजवळ." उभ्या जन्मात त्याला कधी तुम्ही म्हटलेलं नव्हतं; जीभ अडखळली. मग त्या समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि खांद्यावरची पर्स त्यांनी मांडीवर घेतली, पाहुणे घेतात तशी.