साऱ्या ओळीचा एक नेलकटर

मी एक जुना नेलकटर आहे, मित्रांनो. माझी पाती आता बोथट झाली आहेत, पण पायाच्या अंगठ्यांविषयी जेवढे मला ठाऊक आहे, तेवढे फार थोड्यांना असेल.

१९९३ साली सुरतच्या नवागाममध्ये एका हातगाडीवरून सरलाबाईंनी मला घेतले. त्या नंदुरबारकडच्या. घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. त्यांचे यजमान छगनभाऊ कारखान्यात लूम, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. ते राहत त्या दहा खोल्यांच्या ओळीत तोवर सगळे ब्लेडनेच नखे काढत. मग काय, रविवार उजाडला की मी दारोदार! "मावशी, तुना नेलकटर दे ना व," अशी हाक आली की मी फुशारून जायचो.

ओळीतल्याच दत्तूचा अंगठा मात्र मला कोड्यात टाकी. साड्या रंगवायच्या कारखान्यात तो दिवसभर ओल्या बुटांत उभा राही. त्याचे नख पिवळे, जाड, भुसभुशीत. कापले की पीठ पडे. काही महिन्यांनी तसलेच पीठ शेजारच्या लीलाच्या नखातून पडले. मग छगनभाऊंच्या. एका पायातले दुसऱ्या पायात जाते तरी कसे? कुणी पाण्याला बोल लावला, कुणी रंगाला. मीही विचार करून थकलो.

छगनभाऊंना साखरेचा आजार होता. पायाला काही टोचले तरी त्यांना कळत नसे. एकदा त्यांनी मला नखाच्या कोपऱ्यात खोल घातले. आत राहिलेले नखाचे टोक मांसात रुतले. आठवड्याभरात अंगठा काळानिळा झाला, तरी त्यांना पत्ता नाही. चादरीवरचा पू सरलाबाईंनी पाहिला.

"चार दिवस उशीर झाला असता, तर अंगठा काढावा लागला असता," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नखं कशानं काढता?"

सरलाबाईंनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवले.

"हा आणखी कोण वापरतं?"

"आख्खी ओळ, बाई!" त्या कौतुकाने म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर हलकेच आपटले. पात्यांच्या फटीतून पिवळे पीठ सांडले. "ही नखाची बुरशी. हाच तिला घरोघर नेतोय."

मित्रांनो, कोड्याचे उत्तर मीच होतो!

सरलाबाईंना गप्प बसता आले असते. पण परतल्यावर त्यांनी दारोदार जाऊन सगळे सांगितले. दत्तूचा चेहरा पडला; हे आपल्यामुळेच झाले असे त्याला वाटले. "मनामुये जयं का हाई?"

"तुना दोष नही रे," मागेल त्याला मला देत आलेल्या सरलाबाई म्हणाल्या. "माले कोणले नही म्हणता येस नही."

दत्तू आणि लीलाही दवाखान्यात गेले. घरोघरी वेगळे नेलकटर आले, आणि मी एकट्या दत्तूच्या वाट्याला आलो. तो गोळ्या चुकवत नसे. बूट काढले की बोटांच्या बेचक्याही पुसून कोरड्या करी. वापरल्यावर मला पाण्यात उकळून काढी. पण नख किती सावकाश वाढते! काही महिन्यांनी मुळाशी गुलाबी रेघ दिसली. वर्ष उलटून गेल्यावर त्याने उरलेला पिवळा तुकडा कापला, अगदी सरळ, कोपरे न कोरता. मग धावत जाऊन अंगठा सरलाबाईंना दाखवला. छगनभाऊंचा अंगठाही तोवर पुरता भरून आला होता.

मित्रांनो, तुमच्या घरात साखरेचा आजार असलेले कुणी असेल, तर त्यांचे पाय रोज उजेडात नीट पाहा. दुखत नाही म्हणून ते तुम्हाला काही सांगणार नाहीत.