टॉवेलाखालचा भाव

दादासोच्या हातात पाना दिला की तो राजा, आणि त्याला भाव विचारला की तो गरीब गाय. पणदऱ्यात बारामती रस्त्याला त्याचं नळजोडणीचं आणि सोलर हिटर बसवायचं दुकान होतं. काम असं चोख, की त्यानं बसवलेला नळ पुन्हा टिपकायचं नाव घ्यायचा नाही. पण गिऱ्हाइकानं "घरचंच समजा की दादासो" एवढं म्हणायचा अवकाश, गडी विरघळलाच! पाहुणा म्हणून कमी, गाववाला म्हणून कमी, शाळेत एका बाकावर होता म्हणून कमी. आणि ज्याचं काहीच नातं लागत नाही, त्याला नवी ओळख झाली म्हणून कमी.

शेवटी गेल्या दसऱ्याला त्याच्या बायकोनं, योगिनीनं, पदर खोचला आणि काउंटरमागची खुर्ची ताब्यात घेतली. भाव ती सांगणार. दादासोनं पाइप जोडायचे आणि कुणी पैशाचं काढलं की "मालकिणीला इचारा" एवढंच म्हणायचं. सुरुवातीला हे वाक्य म्हणताना त्याला घाम फुटायचा. मग सवय झाली. पुढं पुढं तर मेल्याला आवडायलाच लागलं.

योगिनी माल धरायची, दादासोची मजुरी धरायची आणि काम झाल्यावर वर्षभर "जरा येऊन बघून जा" म्हणून ज्या फेऱ्या व्हायच्या, त्याही धरायची. मग आकडा व्हायचा मोठा. आणि नेमका त्याच आठवड्यात इंदापूरहून विजयसिंह उगवला. नाव पैलवानाचं, अंगानं चिपाड. एक जुना पिकअप घेऊन तो गावोगाव हिंडायचा आणि दिसेल त्या खांबावर पाटी ठोकायचा: 'सोलर, गिझर, बाथरूम फिटिंग. कोणापेक्षाही कमी.' तुम्ही कुणाचाही भाव सांगा, हा त्याच्या खाली. योगिनीच्या हातची कामं एकामागून एक त्याच्या पिकअपमध्ये जाऊन बसली. ती खांबावरची पाटी बघून रोज त्याला दोन शिव्या हासडायची, मगच शटर वर करायची.

दुकानाबाहेरच्या बाकड्यावर सासरे, गेणबा, बसलेले असायचे. त्यांची उभी हयात मेंढरांमागं गेली. कळप कधीच विकला, पण खांद्यावरचा टॉवेल आणि तोंडातला फटकळपणा तेवढा शिल्लक होता. त्यांनी एका पाहुण्याला गाठून बारामतीच्या एमआयडीसीत दादासोसाठी नोकरी बघून ठेवली होती. कंपनीत प्लंबर, महिन्याला पगार, दुपारचं जेवण कॅन्टीनला. साहेबानं सांगितलं होतं, एक तारखेला या.

"आता संभाजीरावाच्या बंगल्याचं काम गावलं तर ऱ्हावा हितं," गेणबांनी निकाल दिला. "न्हाय गावलं तर शटर खाली आन् दादासो कंपनीत. तुजा त्यो भाव बसून खाणार हाय का आपण, सूनबाई?"

योगिनीनं खुर्ची काउंटरला आणखी जवळ ओढली. लग्न होऊन आल्यापासून ती याची सून, त्याची बायको, अमक्याची वहिनी होती. या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा लोक तिचं नाव विचारत आले. चिडून आले, भांडायला आले, पण तिच्याकडं आले. ही खुर्ची तिला सोडायची नव्हती, कुणाच्या बापासाठी सोडायची नव्हती.

आणि एके दिवशी सकाळी संभाजीराव आले. गावातले मोठे ऊसवाले, पाच बाथरूमचा नवा बंगला, वास्तुशांत तोंडावर आलेली. बरोबर चुलत भाऊ दिग्विजय आणि कामधंदा नसलेली चार माणसं. दिग्विजयचा बंगला शेजारीच होता आणि त्याचं सगळं काम विजयसिंहानं केलेलं.

"सूनबाई, काम तुमालाच द्यायचंय," खुर्चीत बसत संभाजीराव म्हणाले. "पण भाव इंदापूरवाल्याचा. एक चाळीस."

"मग काम बी इंदापूरवाल्यालाच द्या की तात्या."

बाहेर गेणबांना ठसका लागला.

"माझ्यात केलंय की त्यानं," दिग्विजय मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "एकदम झकास."

"वरच्या मजल्यावर गरम पाणी लगेच येतं का हो भाऊजी?" योगिनीनं अगदी साळसूदपणे विचारलं.

"येतं की. जरा दोन बादल्या आधी सोडून द्याव्या लागत्यात."

बरोबरची माणसं खो खो हसली. संभाजीराव हसले नाहीत. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ते दिग्विजयच्या त्याच बाथरूममध्ये साबण लावून कुडकुडत उभे होते. ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"एक लाख नव्वद हजार," योगिनी म्हणाली. "त्यातला एक रुपया कमी हुणार न्हाय."

संभाजीराव लाल झाले. पैशाची त्यांना ददात नव्हती. पण चुलत भावानं एवढ्या स्वस्तात केलं आणि आपण पन्नास हजार जास्त मोजले, हे या टोळक्यासमोर कबूल करायचं? संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर चघळलं गेलं असतं. चहा आला, चहा प्याले, कप ठेवला, तरी गप्पच. दादासोचे ओठ हलायला लागले. हा आता कमी करतोय, हे ओळखून योगिनीनं काउंटरखालून त्याच्या पायावर पाय दिला. तिचं सगळं लक्ष संभाजीरावांच्या पायांकडं होतं. उठून गेले तर संपलंच सगळं.

तेवढ्यात गेणबा उठून आत आले.

"संभाजीराव, हात आणा हिकडं," म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दोघांच्या हातांवर टाकला.

मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट म्हणजे एक, सबंध पंजा म्हणजे पाच. समोरच्यानं आपली बोटं दाबून उत्तर द्यायचं. चारचौघांत बसून सौदा व्हायचा आणि चारचौघांना पत्ता लागायचा नाही. जमला सौदा तरी त्या दोघांतच, आणि फिसकटला तरी कुणाचं नाक कापलं जात नाही. संभाजीरावांच्या वडिलांनी असल्या बाजारात जन्म काढला होता, संभाजीरावांना शिकवायची गरज नव्हती.

योगिनी मात्र हबकली. तिनं एवढी ताणून धरलेली किंमत आता त्या मळक्या टॉवेलाखाली, तिच्या डोळ्यांदेखत, तिला न दिसता चालली होती. आणि सौदा करतोय कोण, तर ज्यांना दुकान बंद करायची घाई झालीय ते सासरे! "आबा, आवो..." तिनं तोंड उघडलं. गेणबांनी नुसते डोळे वटारले. टॉवेल हलत होता. संभाजीरावांच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या. एकदा त्यांनी हात मागं ओढला, गेणबांनी सोडला नाही. मग संभाजीरावांनी टॉवेलाकडं न बघता मान डोलावली.

"झालं," गेणबा म्हणाले. "उद्यापास्नं माणसं येत्याल."

"कितीला ठरलं?" दिग्विजयनं विचारलं.

"ते टॉवेलाला इचार."

मंडळी गेल्यावर योगिनी रडवेली होऊन म्हणाली, "आबा, कितीला घालवलं?"

"एक ब्याण्णव."

"आं?"

"तुज्यापेक्षा दोन जास्त. सुरुवात वर धरायची असती, एवढं बी कळंना तुला?" गेणबा टॉवेल झटकत म्हणाले. "गिऱ्हाईक चहा पिऊन बी उठंना, म्हंजी त्याला माल पसंत हाय. त्याला पैशाची न्हाय, लोकांची अडचण हुती."

दादासो तर टाळ्या पिटायचाच बाकी राहिला होता. योगिनीनं सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, कधी नव्हे तो मनापासून.

बंगल्याचं काम झालं, झक्क झालं. वास्तुशांतीला संभाजीरावांनी दादासोला फेटा बांधला आणि योगिनीला साडी दिली. इथपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. पण मोठेपणाची हौस माणसाला गप्प कुठं बसू देते? संभाजीरावांनी टपरीवर सांगून टाकलं, "एक तीसला पाडली बया! दिग्याला जमलं असतं का?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात रांग. जो तो एक तीसचा भाव मागायला लागला. खरं सांगावं तर टॉवेलाखालचा शब्द मोडतो आणि संभाजीरावांची अब्रू जाते. न सांगावं तर आपलंच दुकान जातं. "त्यांचा भाव त्यांच्यापाशी, तुमचा ह्यो," असं ती सांगायची आणि लोक फणकाऱ्यानं उठायचे. "बड्याला एक भाव, आमाला एक व्हय?" आठवडाभरात रांग आटली. कंपनीचे साहेब एक महिना थांबायला तयार झाले होते, तो महिनाही सरत आला. गेणबा आता दुकानाचं काही बोलत नव्हते आणि त्याचीच योगिनीला जास्त धास्ती वाटत होती.

अशात दुकानासमोर तो जुना पिकअप येऊन थांबला. विजयसिंह उतरला, चप्पल बाहेर काढली आणि चोरासारखा आत आला.

"वैनी, एक इचारायचं हुतं, रागवू नगा. एक तीसमधी तुमी करता कसं? मी एक चाळीस म्हणलो, तवाच माज्या हाताला काय लागणार नव्हतं. आता लोक मला एक पंचवीस मागत्यात. बायकू म्हणती, पिकअप इका."

योगिनीच्या मनात लाडू फुटले. खोटं कशाला बोला! एक अक्षर बोलायचं नाही, की हा महिन्याभरात आपोआप आडवा. तिनं त्याच्याकडं बघितलं. पाइपच्या सोल्युशननं त्याची बोटं पिवळी पडली होती, नखं तुटली होती. थेट दादासोचीच बोटं. तिचा लाडू घशात अडकला.

"बस," ती म्हणाली. "तुजी सोताची मजुरी किती धरतो?"

"माजी?" तो हसला. "मी तर घरचाच की वैनी. घरच्याची मजुरी कोण धरतंय?"

योगिनीनं कपाळावर हात मारला. हा रोग आमच्या भागात घरोघरी. उसाचा हिशोब मांडताना खत धरतील, ट्रॅक्टर धरतील, तोडीवाल्यांना पाजलेला चहा धरतील. रात्री-अपरात्री पाणी द्यायला गेलेला स्वतःचा बाप मात्र फुकट!

"आरं गाढवा, मग तू कशावर जगतुयास?"

विजयसिंह खाली बघत बसला आणि त्याचे डोळे भरून आले. आता मात्र गेणबांना राहवलं नाही. ते आत आले, टॉवेल काढला आणि पोराचा हात धरला.

"कुणाचा भाव किती, ते आमी सांगणार न्हाय. पण तुज्या जागी मी असतो तर पाच बाथरूमला किती धरला असता, ते बघ."

टॉवेल हलला. विजयसिंहाचं तोंड उघडंच राहिलं.

"एवढं? कोण देतंय?"

"देणारा दिऊन गेला. नाव इचारू नगं."

विजयसिंह आपल्या हाताकडंच बघत राहिला. मग योगिनीनं केलेला चहा प्याला आणि निघून गेला.

महिनाअखेरीला सुप्याहून भागूबाई आल्या. हॉटेलवाल्या, आवाज असा की पलीकडच्या दुकानदारानं मान वर करून बघावं. "मालकीण कोण? तूच का? मला लॉजला गरम पाण्याचं करायचंय, पाच खोल्या हायत्या. त्या इंदापूरच्या पोराला काय भूतबाधा झाली कुणास ठावं, परवा दोन लाख म्हणला. म्हणतो, माजी मजुरी धरलीया! मग लोक म्हणले, पणदऱ्यात जा, तितं स्वस्त हाय."

"स्वस्त?" योगिनी किंचाळलीच. "आमी?"

दादासो तोंडावर हात दाबून हसायला लागला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीचे साहेब होते. योगिनीचं हसू जागच्या जागी थिजलं.

"व्हय सायेब," दादासो म्हणाला. "व्हय, एक तारीख ध्यानात हाय. पण न्हाय जमायचं ओ. पगाराचं काय न्हाय, पगार चांगलाच हाय तुमचा. पण हितं मालकिणीला माणूस कमी पडंल."

योगिनीनं झटकन पाठ फिरवली आणि मागच्या फळीवरचे खोके उगाच सरळ करायला लागली. एवढं जड झालं होतं आतून, की ती मोठ्यानं रडली असती तरी चाललं असतं. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

"अगं बाई, भाव सांगतीस का जाऊ?" भागूबाई कडाडल्या.

योगिनीनं पदरानं डोळे पुसले आणि वळली.

"एक पंच्याण्णव."

"मग बरोबर हाय लोकांचं," भागूबाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "स्वस्तच हायसा की तुमी!"