जाकिटाची नाडी

शिवणकाकूंचं दुकान मुलांच्या मैदानासमोर होतं. दुपारचं काम हातावेगळं झालं की त्या मैदानातल्या बाकावर घटकाभर टेकायच्या. आसपासच्या निम्म्या पोरांच्या अंगावर त्यांनीच शिवलेले कपडे असायचे. काकू पोरांकडे कमी आणि शिलाईकडे जास्त बघतात, असं लोक हसून म्हणायचे.

त्या दिवशी भिंगरी घसरगुंडीवर चढली. सहा वर्षांची, एका जागी पाय न ठरणारी पोर, म्हणून हे नाव. तिचा बाबा बस चालवायचा. खाली उभा राहून तो फोनवर उद्याची पाळी ठरवत होता. भिंगरी वर बसली, सुटली आणि हातभर खाली येऊन गचकन थांबली. जाकिटाच्या टोपीच्या नाडीची गाठ कठड्याच्या फटीत अडकली होती. गळा आवळला गेला. तिच्या तोंडून आवाज फुटेना.

काकू उठल्या त्या थेट घसरगुंडीच्या खालच्या टोकाकडे. साठी उलटलेली बाई त्या गुळगुळीत पत्र्यावरून उलटी वर चढली. एका हाताने त्यांनी आधी पोरीला वर रेटलं, गळ्याचा ताण सैल केला. मग खिशातल्या धागे कापायच्या कात्रीने नाडी कापली. भिंगरी खोकली आणि तिनं भोकाड पसरलं.

"रड बाळा, चांगलं मोठ्यानं रड," काकू तिला पोटाशी धरून म्हणाल्या.

बाबाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मैदानाच्या माळीदादांवर तुटून पडला. "फट दिसत नाही तुम्हाला? डोळे कुठं असतात?"

"ओरडायचं ते नंतर ओरड," काकू म्हणाल्या. "आधी हिला दवाखान्यात ने, गळा दाखव. आणि ऐक, ही नाडी मी शिवली होती. गाठही माझीच, दुहेरी."

"टोपी उडते म्हणून मीच मागितली होती, काकू."

"तू मागितलीस, पण नको म्हणायचं काम माझं होतं."

एवढं बोलून काकू थांबल्या नाहीत. माळीदादांना सांगून त्यांनी घसरगुंडीची शिडी दोरखंडाने बंद करायला लावली.

"वरून हुकूम आल्याशिवाय मला बंद करता येत नाही हो," माळीदादा कुरकुरले.

"मग वर कळवा, काकूंनी बंद केली म्हणून. विचारायला येतील त्यांना माझ्याकडे पाठवा."

भिंगरीच्या गळ्यावर नुसता लाल वळ होता. दोन दिवसांत तो गेला. काकूंनी दुकानाच्या दारावर कागद लावला: 'नाडीचं जाकीट आणा, इलास्टिक लावून न्या.' पहिल्याच दिवशी अकरा जाकिटं आली. एक आजी मात्र अडून बसल्या.

"नाडीशिवाय टोपीला शोभा नाही."

"शोभेला मी दोन बटणं लावते, आजी. ती कुठं अडकणार नाहीत."

आजींनी निळी बटणं निवडली.

चौथ्या दिवशी वेल्डर आला. त्यानं फटीवर पट्टी जोडली आणि सामान आवरायला घेतलं. तेवढ्यात काकू गाठ मारलेली नाडी घेऊन आल्या. ती त्यांनी कठड्यावरून सावकाश ओढत नेली. वरच्या नटाशी ती पुन्हा अडकली.

"ताई, एवढं कोण बघतं?"

"मी बघते ना."

वेल्डर हसला आणि त्यानं यंत्र परत सुरू केलं. नटाचं पुढे आलेलं टोक कापून, घासून गुळगुळीत केलं. आता नाडी सरसर खाली आली. काकूंनी ती तीनदा ओढून पाहिली, तेव्हाच माळीदादांना शिडी मोकळी करायला सांगितलं.

संध्याकाळी भिंगरी आली. घसरगुंडीकडे बघून तिनं बाबाचा हात घट्ट धरला.

"जा की, आता काही होत नाही," बाबा म्हणाला.

"घाई करू नकोस तिला," काकू म्हणाल्या.

भिंगरी वाळूत जाऊन बसली आणि कोपरापर्यंत हात खुपसून खड्डा खणू लागली. बाबानं फोन खिशात टाकला, चपला काढल्या आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.