उजेड आहे तोवर

"वहिनी, लागला का फोन?"

"लागतोय. उचलत नाहीत."

"मग पुन्हा लावा!"

दाढी माझ्यावर असा खेकसला, जणू ह्यांना मीच कुठे लपवून ठेवलं होतं. दाढी म्हणजे ह्यांचा कॉलेजातला मित्र. त्याचं खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. प्रदर्शनासाठी हा हॉल त्यानेच मिळवला, भिंतींवर खिळे त्यानेच ठोकले, आणि ज्यांची चित्रं त्या खिळ्यांवर टांगली होती ते गृहस्थ दुपारपासून बेपत्ता होते.

पाच वाजता बाई येणार होत्या. मोठ्या कलादालनाच्या मालकीणबाई. त्यांना चित्रं आवडली तर त्या ती स्वतःच्या दालनात लावणार, आणि पुढेही घेत राहणार, असं दाढीने जमवून आणलं होतं. तसं झालं की ह्यांनी नोकरी सोडायची, असं आमच्या दोघांचं ठरलं होतं. खरं म्हणजे मी ठरवलं होतं आणि ह्यांनी मान हलवली होती. लग्न झालं तेव्हापासून मी ह्यांच्या तोंडून एकच ऐकत आले. थोडी घडी बसू दे, मग मी फक्त चित्रं काढीन. घडी बसता बसता डोक्याचे केस पांढरे झाले.

ह्यांची नोकरी इस्पितळात, तळमजल्यावर, टोकाच्या खोलीत. हे डोळे करतात. ज्यांचा एक डोळा गेलाय त्यांच्यासाठी दुसऱ्याशी जुळणारा खोटा डोळा. शर्टाच्या गुंडीएवढ्या काळ्या चकतीवर बारीक ब्रशाने बुबुळ रंगवायचं, पांढऱ्या भागावर रेशमाचे लाल धागे बसवून शिरा दाखवायच्या, मग वरून पारदर्शक थर चढवून चकाकी आणायची. समोर माणूस बसलेला असतो, त्याच्या जित्या डोळ्यात बघत बघत हे रंग लावतात. लोक म्हणतात, वा, कलेचा काय सुंदर उपयोग! उपयोग ह्या शब्दाने ह्यांच्या कपाळावर आठी पडायची. "ज्या चित्राकडे कुणाचं लक्षही जाता कामा नये, ते चित्र मी रोज काढतो," असं म्हणायचे.

एकदा फक्त त्यांनी स्वतःची हौस भागवून घेतली. एका बस ड्रायव्हरचा डोळा करताना रंगात आले आणि बुबुळात सोनेरी काड्या भरल्या. डोळा असा देखणा झाला, की ह्यांनी तो मला दाखवायला घरी आणला होता. पंधरवड्यात ड्रायव्हर परत हजर. "साहेब, माणसं माझ्याशी बोलताना त्याच डोळ्याकडे बघत बसतात हो. बायकोसुद्धा! जरा खराब करून द्या ना." हे पोट धरून हसले, दुसरा डोळा करून दिला, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

घरी मात्र गच्च्या रंगवायचे. रिकाम्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, दोऱ्या, आणि वर आभाळ. चित्रात माणूस औषधालाही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "दिवसभर माणसांच्या डोळ्यांतच असतो मी. इथे तरी नको."

ती सगळी आभाळं आज हॉलच्या भिंतीवर होती आणि फोन नुसताच वाजत होता. शेवटी दाढीला म्हटलं, "मी कान धरून घेऊन येते," आणि रिक्षा केली.

इस्पितळातल्या त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मला बघताच हे बाहेर आले, दार ओढून घेतलं. हाताला तपकिरी रंग.

"तुम्ही अर्धा दिवस रजा घेतली होती ना?"

"घेतली होती. कुलूप लावतच होतो, तेवढ्यात ह्या आल्या."

बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिची मुलगी आत होती. सहा वर्षांची. डोळ्यातली गाठ, एक डोळा तान्हेपणीच काढला होता. दुसऱ्यासाठी औषधं झाली, किरणं झाली, काही म्हणता काही लागू पडलं नाही. तोही उद्या सकाळी काढायचा होता.

"नंतर तुमच्याकडे यायचंय म्हणून डॉक्टरांनी खोली बघून ठेवायला सांगितली," बाई मला सांगू लागली, मीही तिथलीच कुणीतरी असल्यासारखी. "मी साहेबांना म्हटलं, आता जुळवायला काही उरणारच नाही. तर दोन्ही छान करा. तुम्हाला आवडतील तसे करा."

हे मला कोपऱ्यात घेऊन गेले. "आयुष्यभर हेच मागत होतो गं मी. कुणाशी जुळवायचं नाही, आवडेल तसं काढायचं. ते असं मिळावं?"

"आधी तिला डोळा कुणी केला होता?"

"केला नव्हता. कुणीतरी डब्यातला तयार बसवलाय, काळा कुळकुळीत. तिचा स्वतःचा निराळाच आहे. कडेला राखाडी, आत मधासारखा. तो उद्यानंतर कुठेच नसेल. मला आज उजेड आहे तोवरच बघता येईल."

"मग फोटो काढा आणि चला."

"फोटोत रंग खोटा येतो."

"येऊ दे की खोटा! कुणाला कळणार आहे? तिला तर..." आणि माझी मलाच लाज वाटली.

"तिच्या आईला कळेल," हे म्हणाले. "ती जन्मभर त्यात बघणार आहे."

"आणि तुमचा जन्म? माझा?"

ते परत खोलीत गेले. मी अजून रागावलेली आहे, खोटं कशाला सांगू. कुणाचं तरी भलं होतंय म्हटलं की घरच्या माणसाने रागसुद्धा धरायचा नाही, हा कुठला न्याय? हौसेला उद्या चालतं. कामाला मात्र आजच निकड असते, आणि म्हणून दर वेळी कामच जिंकतं. आपल्या दाराशी आलेल्या माणसाला हे परत पाठवू शकत नाहीत, एवढंच. ह्याला मोठेपणा म्हणायचं की रोग, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पर्समध्ये फोन थरथरला. दाढी. मी उचलला नाही. पुन्हा थरथरला तेव्हा बंद करून टाकला. दालनाच्या बाई आल्या, एक फेरी मारून गेल्या, जाताना चित्रकाराला यायला वेळ नव्हता का असं विचारून गेल्या, हे सगळं दुसऱ्या दिवशी दाढीच्या शिव्यांमधून कळलं. पुन्हा त्या आल्या नाहीत.

मी आत गेले. मुलगी खिडकीपाशी उंच स्टुलावर पाय हलवत बसली होती. हे समोर बसले, तिच्या डोळ्यात बघायचे, चकतीवर रंग टेकवायचे, पुन्हा बघायचे.

"काका, काय करताय?"

"डोळा."

"कुणाचा?"

"तुझा."

"माझा हा आहे की." तिने डोळ्याखाली बोट ठेवलं. "तो ह्या दुसऱ्या बाजूचा का?"

"दोन्ही बाजूंचे करतोय."

"दोन कशाला?"

ह्यांनी ब्रश रंगात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. दारात तिची आई उभी होती. उद्या डोळा दुखायचा थांबेल, एवढंच तिने पोरीला सांगितलं होतं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"हलू नकोस हं," हे म्हणाले. "माझ्याकडे बघ."

"बघतेय ना."

उजेड खिडकीच्या वरच्या काचेपर्यंत सरकला तेव्हा ह्यांनी दोन्ही चकत्या तिच्या गालाजवळ धरल्या. तिच्या डोळ्याकडे पाहिलं, चकत्यांकडे पाहिलं. मलाही दिसलं. तोच रंग होता, तीच राखाडी कड. सोनेरी काडी कुठे नव्हती.

"झालं," हे म्हणाले आणि तसेच मान खाली घालून बसून राहिले. मी त्यांना इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी स्टुलावरून उतरली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"काकू, तुमच्या कपड्यांवर पोपट आहेत?"

"हो."

"चोची लाल आहेत का? नीट दिसत नाहीत."

मी भिंतीशी गेले, होते तेवढे सगळे दिवे लावले. मग परत येऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. तिने वाकून बघायला सुरुवात केली, एकेका पोपटावर बोट ठेवत. आमच्यापैकी कुणीही तिला घाई केली नाही.