लाखोळीवरचा मावा

सावली तालुक्यातल्या एका गावात धान निघालं होतं आणि धानाच्या त्याच शेतात, बांधीत, लाखोळीचं कडधान्य फुलावर आलं होतं. सरपण घेऊन धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, येताना रंजीताला कोपऱ्यातल्या चार-दोन झाडांच्या शेंड्यांवर काळा मावा दिसला. तेवढे शेंडे खुडून जाळले असते तर पीक वाचलं असतं. पण तिची पाळी चालू होती, आणि पाळीतली बाई बांधीत उतरली की मावा पडतो, असं या घरात मानत.

तिनं घरी येऊन सासऱ्याला, लटारूला सांगितलं. त्यानं आधी विचारलं ते हेच, की तू खाली उतरली होतीस का? सासू धुरपतानं तिला गोठ्यालगत वेगळं बसवलं. नारळ फुटला, धुऱ्यावर लिंबू टांगलं गेलं. शेंडे मात्र कोणी खुडले नाहीत. मावा अर्ध्या बांधीत पसरला, पानं चिकट होऊन काळी पडली. रस शोषला किड्यानं आणि दोष बाईच्या माथी! चीड येते ती याचीच.

त्यातच रंजीताच्या मुलीला, नववीतल्या दिव्यानीला पहिली पाळी आली. पोर शाळेत जायची त्याच धुऱ्यावरून. धुरपतानं लगेच ठरवून टाकलं, की हिला आधीच आली असणार आणि हिनं लपवलं असणार, आता हिची शाळा बंद. रंजीताचा नवरा प्रफुल उठून बाहेर निघून गेला.

"मामाजी, शेजारच्या बापूरावभाऊच्या बांधीत आपल्या आधी मावा पडला," रंजीता म्हणाली. "त्याच्या घरी तं बाईच नाई. तिथं कोणाची पाळी आली होती?"

लटारूनं थोडा विचार केला. "आपल्याच इथून गेला असन."

दुसऱ्या दिवशी रंजीतानं निंबोळीचा अर्क फवारणीच्या पंपात भरला आणि दप्तर घेतलेल्या दिव्यानीला धुऱ्यावरून नाही, सरळ बांधीतून नेलं. सासरा समोर उभा होता.

"पोरगी पाळीत हाये, मामाजी. ही दर महिन्याले याच वाटेनं शाळेत जाईन. मावा आला तं मी फवारीन."

पलीकडचा पट्टा अजून हिरवा होता, तो तिनं फवारून वाचवला. धुरपता गावभर सांगत फिरली, की नारळाचा गुण आला. शेंगा तोडायच्या दिवशी दिव्यानी पुन्हा पाळीत होती. रंजीतानं ते अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि शेंगा दिव्यानीच्याच हातानं तोडून घेतल्या.

त्या शेंगांची भाजी झाली. लटारूनं दुसऱ्यांदा मागून घेतली.