एक हजार तेवीसचा साक्षात्कार

२१२

एवढाच आकडा प्राण मोजणाऱ्या पेटीवर उमटला आणि अख्खं सभागृह हळहळलं. खुर्चीत बसलेल्या शिंप्याच्या दोन्ही मुठींत पितळी दांडे, दांड्यांच्या वायरी पेटीत. ऊर्जागुरूंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले.

१०२३

"पूर्ण प्राण! आता औषध म्हणजे भरल्या घागरीत पाणी."

१०२३

हा शिंप्याच्या बायकोचा.

१०२३

हा गेल्या आठवड्यातला, काटेबाईच्या आईचा. तेव्हापासून आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कचऱ्यात होत्या आणि काटेबाईच्या जिवाला घोर. वजनकाटे दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. शिंपी काडीपैलवान, बायको चांगली भरभक्कम, आई सत्तरीची. आणि तिघांचा आकडा एकच? असा काटा दुकानात आला असता तर तिने आधी तो उघडला असता.

ती उठली. आईने पदर ओढला. "बस गं, चारचौघांत शोभा नको."

"शोभा झालीच आहे, आई."

१९८

हा तिचा, खुर्चीत बसून दांडे धरल्यावरचा. गुरूंचा हात डोक्यावर आला. तिने मात्र त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय गालिच्यावर किंचित सरकला. १०२३.

तिने दांडे खाली ठेवले, पिशवीतून सेल काढले आणि वायरीने दांड्यांना जोडले. एक सेल.

३०७

दोन. ६१४. तीन. ९२१. चार. १०२३.

"सेललाही सिद्धी मिळाली," मागून कोणीतरी म्हणालं.

"निर्जीवातही प्राण असतो, माते," गुरू हसले.

तिने पाचवा जोडला. १०२३.

"मग पाचव्याचा प्राण कुठे गेला, महाराज?"

गुरू दोन पावलं मागे सरकले.

"आतली चिप पाच व्होल्टपर्यंतच मोजते. पाचाला हजार तेवीस. पुढे चार सेलचे सहा द्या, पाचाचे साडेसात द्या, बिचारी तेच लिहिते. फार दिलं तर जळते. तीस किलोच्या काट्यावर म्हैस चढवली, तर म्हैस काय तीस किलोची होते?"

तिने सेल काढून पिशवीत टाकले आणि गालिचा उचलला. खाली पायाने दाबायचं बटण. त्याची वायर टेबलाखालच्या बॅटरीला, तिथून पेटीत.

"शिंपीदादा, या, दाबा."

१०२३. गुरूंचा हात कुठेच नव्हता. ते दाराकडे निघाले होते, पण दारात शिंप्याची बायको उभी होती.

"म्हणजे मी बरी झाले नाही?" आईचा आवाज बारीक झाला.

"तुला मोजलंच नाही कोणी, आई. जो आकडा सगळ्यांना सारखा येतो, तो कुणाचाच नसतो. पुन्हा कोणी दाखवला तर एवढंच विचार: यापेक्षा जास्त झालं तर तुमचं यंत्र काय दाखवेल?"

संध्याकाळी दवाखान्यात नर्सने आईच्या दंडाला पट्टा बांधला.

१७२

"वाईट आहे," आई म्हणाली.

"वाईट आहे. पण तुझा आहे."

आईने गोळीसाठी हात पुढे केला.